मळकी पिशवी असेल तर द्या

‘बँकेतनं पोत्यानं चिल्लर आणता, त्यात तुम्हाला मिळतं काय?’ हा प्रश्न मला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानदारांपासून घरच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. विचारणाऱ्याला बहुतेक कमिशनचा संशय असतो. कमिशन वगैरे काही नसतं. हजार रुपये दिले की हजाराची नाणी मिळतात, बस्स. पण म्हणूनच चिल्लरीतून जुनी, वेगळी नाणी शोधायचा हा छंद परवडतो. नाणेबाजारात वस्तू पारखता आली नाही तर पैसे बुडतात. इथे पिशवीत काही निघालं नाही तरी पाचाचं नाणं पाचालाच खपतं.

कॅशियर नवीन असला की हमखास म्हणतो, ‘काका, टाकसाळीची कोरी पिशवी आलीय, देऊ?’ मी म्हणतो, ‘नको ओ, मळकी असेल तर द्या.’ तो माझ्याकडे बघतच राहतो. कोऱ्या पिशवीत सगळी नाणी बहुधा एकाच सालची, एकाच टाकसाळीची. संग्रहाला दोन काढून ठेवली की विषय संपला. शोधायला हवी ती हातोहात फिरलेली, वर्षानुवर्षं कुठेतरी पडून राहिलेली नाणी.

आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. दानपेटीतली नाणी शेवटी बँकेतच येतात. अंबाबाईला आणि जोतिबाला येणारी माणसं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, कर्नाटकातून येतात, आणि सोबत नुसती खिशातली चिल्लर आणत नाहीत. नवस बोलताना कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेला रुपया, आजीच्या डब्यातली नाणी, हे सगळं एके दिवशी पेटीत पडतं. बाजारात फिरणारं जुनं नाणं कुणीतरी केव्हाच बाजूला काढलेलं असतं; नवसाच्या नाण्याला मधल्या काळात कुणी हात लावलेला नसतो. चैत्र यात्रेनंतर एखादी पिशवी उघडली की बोटं गुलालानं गुलाबी होतात. असा गुलाल नुसत्या पाण्यानं धुवावा. चिंच, पीतांबरी असलं काही लावायचं नाही. चकाकी येते आणि संग्राहकाच्या लेखी नाणं मातीमोल होतं.

आता शोधायचं कसं. दोन रुपयांची शंभराची पुडी घेतली तर त्यात अधूनमधून जुने रुपये निघतात. लबाडी कुणाचीच नसते. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा, २०११ मध्ये दोन रुपयांचं नवं नाणं आलं तेही नेमकं त्याच मापाचं आणि वजनाचं. पुडी वजनावर घेतली तर काटा काहीच बोलत नाही. माझा त्यात रुपया जातो, पण कधीकधी १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया असा आयता हाती लागतो. लोहचुंबक जवळ असावा. स्टीलची नाणी त्याला चिकटतात, तांबं-निकेलची चिकटत नाहीत. १९९९ चं शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं. सगळा ढीग पसरून चुंबक फिरवला की ही मंडळी मागे राहतात.

मग भिंग घेऊन सालाखाली बघायचं. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण दिसली तर मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नाण्यांची टंचाई होती तेव्हा सरकारनं परदेशातूनही नाणी पाडून आणली होती. १९८५ च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या टाकसाळीचा ‘एच’ आहे, १९९९ च्या काही पाच रुपयांवर मॉस्कोची रशियन अक्षरं. पाचाचं ते जाड नाणं आता दानपेटीच्या पिशवीतही क्वचित दिसतं. आणि एक सोपी तपासणी : नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजू सरळच आली पाहिजे. तिरकी किंवा उलटी आली तर ठसा बसवताना चूक झालीय, ते वेगळं ठेवा.

खरी डोकेदुखी पुढे आहे, उरलेलं परत खपवायची. २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतचंच देणं भागवता येतं. त्यापुढे घ्यायचं की नाही ही समोरच्याची मर्जी. बँकेत भरायला अशी मर्यादा नाही, पण ज्या काउंटरवरून पिशवी आणली तिथेच ती परत घेऊन जायला मला लाज वाटते. म्हणून मी पुड्या बांधून वाटतो. ओटीचं साहित्य विकणाऱ्या बायकांना रुपयाची नाणी लागतातच, कारण अकरा, एकवीस, एकावन्न यातला वरचा एक सुटा हवा असतो. तोच रुपया पेटीत पडून पुन्हा माझ्याकडे येत असणार. दहाच्या नाण्याला मात्र अजून काहीजण नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं की तोवर आलेल्या दहाच्या नाण्यांच्या चौदाही नक्षी चालतात. तरी काहींच्या मते फक्त दहा रेघांचंच खरं.

राहिला मेव्हण्याचा आवडता प्रश्न : वैष्णोदेवीच्या नाण्याला लाख रुपये देतात म्हणे? कुणी देत नाही. ते नाणं भरपूर पाडलेलं आहे, माझ्या पिशव्यांत सहज निघतं. जुन्या नाण्यांच्या नावाखाली आधी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. मेव्हणा ऐकत नाही, तो असं एक नाणं अजूनही पाकिटात घेऊन फिरतो.

तुम्हालाही पिशवी आणायची असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनवाल्यांची रांग असते आणि कॅशियर वैतागलेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, नोटा मोजून तयार ठेवा, आणि स्वतःची जाड कापडी पिशवी न्या. प्लास्टिकची जिन्यातच फाटते.