हॅकेटने दाखवलेलं गाव

20 जून, रात्री

साडेदहा वाजून गेले तरी बाहेर उजेड आहे. आयर्लंडच्या कॉर्कमध्ये इतकी वर्षं काढली, पण जूनच्या रात्रींशी माझं अजून जमलेलं नाही. पडदे ओढून झोपायचं सोडून बॉल्टिमोरबद्दल वाचत बसले. अमेरिकेतलं नव्हे, इथलं, स्किबरीनच्या पुढचं, कड्यावर पांढरा सुळका असलेलं. गेल्या रविवारी आम्ही तिथे गेलो होतो. धक्क्याजवळच 'अल्जिअर्स इन' नावाचा पब आहे. आयर्लंडच्या टोकाला उत्तर आफ्रिकेतलं अल्जिअर्स कशाला, असं मुलाने विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही.

1631 सालच्या 20 जूनला, पहाटे दोनच्या सुमारास, अल्जिअर्सचे चाचे या गावात उतरले. (तेव्हाचं इंग्रजी कॅलेंडर दहा दिवस मागे होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने 30 जून. पण इथे 20 तारीखच धरतात.) दोनशेच्या वर माणसं, वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून वल्ह्यांना काथ्या गुंडाळलेला. खाडीलगतच्या वस्तीत सव्वीस घरं होती. दारं फोडून, छपरांना आग लावून झोपलेली माणसं ओढून काढली. दोघे जागीच मेले. निदान 107 जण जहाजावर नेले, त्यांतली निम्मी मुलं. वर गावठाणात कुणीतरी बंदूक झाडली, ढोल बडवला, तेव्हा चाचे मागे फिरले. नाहीतर तिथली घरंही सुटली नसती.

आता यातला जॉन हॅकेट. डंगार्वनचा तांडेल, स्वतःच्या छोट्या मच्छीमार होडीवरचा. छाप्याच्या आधी चाच्यांनी त्याला होडीसकट धरलं. चाच्यांचा म्होरक्या मुराद रईस याची नजर किन्सेलवर होती. ते मोठं बंदर, मालदार. हॅकेटने सांगितलं, किन्सेलच्या वाटेला जाऊ नका, तिथे इंग्लंडच्या राजाचं लढाऊ जहाज आहे, तुम्हाला महागात पडेल. त्यापेक्षा मी तुम्हाला बॉल्टिमोरला नेतो. आणि नेलं.

वाचता वाचता अंगावर काटा आला. तो मारला गेला असता, त्याच्याबरोबरचे गडी विकले गेले असते. त्याने दुसरीकडे बोट दाखवलं. त्या बोटाच्या टोकाला तारलीच्या जातीचा मासा खारवून जगणारी माणसं होती.

22 जून

ऑफिसात जेवताना हा विषय काढला. आमच्यातला एक जण म्हणाला, सोपं आहे, बॉल्टिमोरमध्ये बहुतेक इंग्रज प्रोटेस्टंट वसाहतवाले होते, हॅकेट आयरिश कॅथलिक, त्याने हिशोब चुकता केला. दुसरीला कट हवा होता. जमीन मूळची ओ'ड्रिस्कॉल घराण्याची, त्यात सर वॉल्टर कॉपिंगर या जमीनदाराचाही त्या गावावर डोळा, म्हणजे कुणीतरी चाच्यांना सुपारी दिली असणार! मला दोन्ही पटत नाही. धर्माचा राग असेलही, पण गळ्याशी तलवार असताना माणूस एवढा लांबचा विचार करतो का? कटाचं तर इतकंच म्हणेन की ज्याचा फायदा झाला त्यानेच केलं, असं धरायचं तर जगातल्या निम्म्या वारसांना तुरुंगात टाकावं लागेल.

मला खटकतं ते वेगळंच. हॅकेट साफ खोटं बोलला नव्हता. किन्सेलला खरंच 'फिफ्थ व्हेल्प' नावाचं राजाचं जहाज उभं होतं, कॅप्टन हूक त्यावर. फक्त त्या जहाजावर ना पुरेशी रसद, ना माणसांना वेळेवर पगार. हूक कधीपासून तक्रारी करत होता. म्हणजे हॅकेटने ज्या जहाजाचा धाक घातला ते जागचं हलण्याच्या स्थितीत नव्हतं. कागदावरच्या जहाजाने किन्सेल वाचलं! सरकारी कागदाचा इतका उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

छापा झाल्यावर मग नेहमीचंच. मन्स्टर प्रांताचा लॉर्ड प्रेसिडेंट सेंट लेजर, अर्ल ऑफ कॉर्क, नौदलाचे अधिकारी, सगळ्यांची एकमेकांकडे पत्रं सुरू. रसद तुम्ही दिली नाही, जहाज तुम्ही हलवलं नाही. फासावर मात्र एकटा हॅकेट गेला. चाच्यांनी जाताना त्याला सोडून दिलं होतं, बरोबर दोन म्हाताऱ्या माणसांनाही, ज्यांना बाजारात किंमत आली नसती. इंग्रजांनी त्याला पकडलं, खटला चालवला आणि लटकवलं. गावाबाहेरच्या कड्यावर, असं सांगतात.

आपल्याकडे असता तर त्याचं नाव शिवी झालं असतं. 1689 मध्ये रायगड पडला आणि सूर्याजी पिसाळाच्या नावाने आपण आजही बोटं मोडतो. त्यात खरं किती यावर अभ्यासक भांडतात ते वेगळं. पण रायगडाच्या गोष्टीत निदान वतनाचा मोह तरी आहे. हॅकेटला काय मिळणार होतं? स्वतःचा जीव आणि जमलं तर होडी.

याचा अर्थ तो निर्दोष, असं मला म्हणायचं नाही. किन्सेलपासून परतवणं एक, आणि दुसऱ्या बंदराचं नाव घेऊन तिथे सोबत जाणं हे दुसरं. मधे बरीच जागा होती. वारा पडलाय म्हणता आलं असतं, खडक आहेत म्हणता आलं असतं. कोकणातला कुठलाही तांडेल अशी शंभर कारणं झोपेत सांगेल. पण हे मी दिवाणखान्यात बसून लिहितेय.

25 जून

नेलेल्यांची यादी वाचली. घराघराप्रमाणे केलेली आहे: अमक्याची बायको, दोन मुलं, एक मोलकरीण. स्टीफन ब्रॉडब्रुकच्या बायकोपुढे लिहिलंय की ती गरोदर आहे. जोन तिचं नाव. अल्जिअर्सच्या बाजारात ही माणसं विकली गेली. पिएर दाँ नावाच्या फ्रेंच पाद्रीने तो विक्रीचा प्रसंग नोंदवलाय, नवऱ्याला बायकोपासून, बापाला मुलापासून वेगळं केल्याचा. त्यांची खंडणी भरायला राजा पहिला चार्ल्स तयार नव्हता. खंडणी दिली की चाच्यांना चटक लागते, हा दरबारचा हिशोब. पंधरा वर्षांनी, 1646 मध्ये, पार्लमेंटने एडमंड केसनला पैसे देऊन अल्जिअर्सला धाडलं. त्याने अडीचशेच्या आसपास माणसं सोडवून आणली, त्यांत बॉल्टिमोरच्या दोन बायका होत्या: एलन हॉकिन्स आणि ही जोन. मागे राहिलेले बॉल्टिमोरकर भीतीने स्किबरीनकडे निघून गेले होते.

किन्सेलमधून जी माणसं नेली गेली नाहीत त्यांची यादी कुणी केली नाही. कशी करणार? त्यांना माहीतही नसेल की त्या रात्री त्यांचा सौदा झाला आणि ते बाजूला ठेवले गेले. हॅकेटच्या खटल्यात त्यांच्यातलं कुणी साक्षीला आलं असतं का, हा खुळा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे.

आज एक गोष्ट नव्याने कळली आणि सगळं पुन्हा उलटसुलट झालं. मुराद रईस हा मुळात हार्लेमचा डच माणूस, यान यान्सून. 1618 मध्ये लान्सारोते बेटाजवळ चाच्यांनी त्यालाच पकडून अल्जिअर्सला नेलं होतं. तिथे तो मुसलमान झाला, चाच्यांचा कप्तान झाला. 1627 मध्ये आइसलंडच्या ग्रिंडाव्हिकवर छापा घातला, तेव्हाही वाट दाखवायला एक पकडलेला डॅनिश माणूस होता असं म्हणतात. म्हणजे कैद्याकडून वाट काढून घेणं हा त्याचा नेहमीचा धंदा, आणि कैदी जीव वाचवायला काय काय बोलतो हे त्याला स्वतःवरून ठाऊक.

असल्या माणसाला हॅकेटने फसवलं? मला शंका आहे. मुरादला सोनंनाणं नको होतं, माणसं हवी होती. जिथे तोफ नाही, तट नाही, बायका-मुलं झोपलेली आहेत आणि माहीतगार माणूस पुढे चालायला तयार आहे, असं खेडं किन्सेलपेक्षा त्याच्या कामाचं. त्याने हॅकेटचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं असेल, मान डोलावली असेल. काम झाल्यावर ठरल्याप्रमाणे सोडूनही दिलं. कोर्टाला एक धूर्त हॅकेट हवा होता, तो मिळाला.

मुलाला यातलं किती सांगायचं ते ठरलेलं नाही. त्याला सध्या एवढंच हवंय की पबचं नाव अल्जिअर्स का. उद्या सांगेन, जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी नको.