जुन्या पीएचपीवर पेटलेली आमची चूल

२००६ साली दादरला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत एका शिवणक्लासच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघा मित्रांनी टेबलं मांडली. पीएचपी, म्हणजे वेबसाइट आणि वेबवरची सॉफ्टवेअर लिहायची प्रोग्रामिंग भाषा, आम्ही काही विचार करून निवडलं नव्हतं. फुकट होतं, कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर चालायचं आणि आम्हाला तेवढंच येत होतं. पहिलं काम एका मंगल कार्यालयाचं. मग पार्ल्याच्या एका सोसायटीची मेंटेनन्सची बिलं आली. तिथल्या सेक्रेटरीकाकांनी शेजारच्या सोसायटीत आमचं नाव सांगितलं आणि गाडी रुळाला लागली.

पुढे जो तो म्हणायला लागला, पीएचपी संपलं. पोरं नोड आणि पायथनकडे वळली. पार्टनर मोबाइल ॲप करायला बाहेर पडला. मीही घाबरून सगळं बिलिंग नोडमध्ये नव्याने लिहायला घेतलं. सहा महिने आणि बायकोची एक एफडी त्यात गेली. ते अर्धवट काम अजून हार्ड डिस्कवर पडून आहे.

तारलं ते जुन्या पीएचपीच्या म्हातारपणानेच. १९९५ साली रासमुस लेरडॉर्फने ते बाहेर आणलं. वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर वर्डप्रेस आणि विकिपीडिया आजही त्यावर चालतात, पण त्यातून आमचं भाडं निघत नाही. भाडं निघालं ते पीएचपीच्या ५.६ या आवृत्तीचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१८ ला संपल्यावर. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएलची फंक्शन्स ७.० आवृत्तीतच काढून टाकली होती, आणि लोकांच्या कोडमध्ये ती शेकड्यांनी, त्यामुळे नव्या आवृत्तीवर ते चालेना. लिहिणारे कधीच गायब. मग आमचा फोन वाजायचा.

आमच्या स्वतःच्या कोडनेही इंगा दाखवला. बिलिंग पीएचपी ८ वर नेलं, चाचणी केली, सगळं हिरवं. एक तारखेला सेक्रेटरीकाकांचा फोन: "अहो, चौथ्या मजल्यावरच्या आजींना पार्किंगचे पैसे कसले लावलेत? त्यांच्याकडे फक्त वॉकर आहे!" रात्री अकराला सापडलं. पार्किंगच्या रकान्यात शून्य असेल तर पैसे लावू नको, अशी अट होती. पण गाडी नसलेल्यांच्या रकान्यात शून्याऐवजी 'एनए' भरलेलं. जुनं पीएचपी 'एनए' आणि शून्य सारखंच धरायचं. ८ धरत नाही. त्यामुळे गाडी नसलेल्या प्रत्येकाला बिल.

नोकरीपुरतं विचाराल तर, नुसती वर्डप्रेसची थीम बदलता येणारे ढिगाने येतात आणि पगारही तसाच तुटपुंजा मिळतो. लारावेल (पीएचपीचा तयार सांगाडा), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), नीट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), आणि वर दुसऱ्याचं पंधरा वर्षांपूर्वीचं कोड न कुरकुरता वाचणारा माणूस मात्र मला शोधावा लागतो. मिळाला की टिकवायला पगारही बरा द्यावा लागतो. फ्रेशरने पीएचपीच आधी शिकावं, असं मी म्हणणार नाही. माझ्या भाच्याला मी जावास्क्रिप्टच सांगितलं.

आता मुलाखतीला मी त्या पार्किंगच्या सहा ओळींचा कागद पुढे ठेवतो. बहुतेक जण अट दुरुस्त करून देतात. बदलापूरहून आलेल्या एका मुलीने कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सर, रकान्यात 'एनए' टाकलं कोणी?"

मीच, २००९ मध्ये. सोमवारपासून ती कामाला आली.