पेढ्यासाठी ऑक्सिजन

"अण्णांना जो मिळाला नाही, तो तू सशाला लावलास?"

मावशी फोनवर एवढंच म्हणाली. रागावून नाही, अगदी हळू आवाजात, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पेढा, म्हणजे आमचा ससा, गेला त्या आठवड्यात साताऱ्याहून इथे टोकियोत पुष्कळ फोन आले. "दुसरा आण", "पोरीला समजाव", "तिकडे म्हणे दवाखान्याचा खर्च फार" हे सगळं ऐकून सोडून दिलं. मावशीचं वाक्य मात्र सोडता येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

पेढा नेदरलँड ड्वार्फ जातीचा, किलोभर वजनाचा, खरपूस कंदी पेढ्याच्या रंगाचा. नाव लेकीनं ठेवलं. हिवाळा सरता सरता त्याचं खाणं मंदावलं. सशाचं खाणं थांबलं की आधी पोटाकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे, कारण आतडी थांबली तर ससा एका दिवसात हाताबाहेर जातो. पेढ्याचं मात्र दुखणं निराळं होतं. तो झोपायला अंगच टाकेना. पुढचे पाय ताठ रोवून, मान वर करून बसायचा आणि नाकपुड्या सारख्या फुललेल्या असायच्या. एक्स-रेमध्ये हृदय मोठं झालेलं आणि छातीत पाणी दिसलं. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं: हृदयाचा स्नायू ढिला पडलाय, रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून मागे पाणी साठतंय. आधीच सशाची छाती एवढीशी, त्यात हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास. पाण्याला जागा अशी राहतच नाही.

औषधांची नावं ऐकून मी चमकले. फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली लॅसिक्स, जी आपल्याकडे हृदयाच्या पेशंटच्या उशाशी असतेच. तीच लॅसिक्स, फक्त थेंबात मोजून. सोबत पिमोबेंडन, हृदयाला जोर द्यायला. बरं होणार नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. श्वासाचे हाल कमी करता येतील, म्हणाल्या. आणि ऑक्सिजनचं घर भाड्यानं मिळतं, हेही त्यांनीच सांगितलं.

इथे हा धंदाच आहे. फोन केला की माणूस पारदर्शक पेटी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि टक्के दाखवणारं मीटर घेऊन घरी येतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पेटीत तो तिशीच्या पुढे ठेवायचा. निशि-कासाईतल्या आमच्या छोट्याशा घरात ते यंत्र रात्रंदिवस घरघरत होतं. पहिल्या रात्री पेढ्यानं पेटीचे चारही कोपरे हुंगले, गवताची एक काडी ओढली, अर्धी चावून टाकून दिली, आणि मग एका कुशीवर कलंडून मागचे पाय लांब पसरले. कितीतरी दिवसांत तो असा झोपला नव्हता. लेक पेटीला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, "आई, त्याच्या नाकपुड्या थांबल्या." मी घाबरून बघितलं तर त्या खरंच शांत झाल्या होत्या, श्वास नीट चालला होता.

तर मावशी, हे होतं ते.

एप्रिल २०२१, कोरोनाची ती लाट, मी विसरलेले नाही. मी टोकियोत आणि तुम्ही सगळे साताऱ्यात, एका बेडसाठी फोनमागून फोन. त्याच महिन्यात नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून माणसं गेली. अण्णांसाठी मी इथून पैसे पाठवू शकत होते, ऑक्सिजन पाठवू शकत नव्हते. ते मला आयुष्यभर सलणार आहे. पण पेढ्याच्या पेटीतला श्वास कुणाच्या तोंडचा काढून आणलेला नव्हता. ती यंत्रं कुत्र्या-मांजरांसाठीच ठेवलेली असतात, कंपनीच्या गोदामातून येतात आणि काम झालं की परत जातात. ज्यांनी आपल्याला त्या वर्षी वाऱ्यावर सोडलं, त्यांचा राग आपण एका सशावर का काढायचा? त्याचे हाल मी पाहत बसले असते तर अण्णांचा श्वास परत आला असता का?

आणि "सशासाठी एवढं" हे आपल्या घराण्यानं तरी म्हणू नये. आजोबांचा सर्जा गेला तेव्हा बांधावर खड्डा खणून, मीठ घालून, अंगावर झूल टाकून त्याला पुरला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणून दिली आणि आजोबा भाकरीला शिवले नाहीत. तेव्हा कुणी "बैलच तर होता" म्हणालं नाही. बैल राबतो, ससा राबत नाही, हा फरक मला कळतो. पण सर्जा शेवटची काही वर्षं बसूनच होता आणि आजोबांनी त्याला बाजार दाखवला नाही. मी निराळं काय केलं?

पेढा पहाटे गेला. पेटीतच, लेक उठायच्या आधी.

नंतर काय करायचं ते शोधताना धक्का बसला. जपानच्या १९७० च्या कचरा-कायद्यात कचऱ्याच्या व्याख्येत जनावरांची मृत शरीरंही येतात. पैसे भरले की वॉर्डाचं सफाई खातं येऊन नेतं. सगळं नियमात, सगळं स्वच्छ. मला ते वाचवेना. शेजारच्या ताकाहाशी आजींनी माझा चेहरा बघितला आणि स्वतःच एका दहनवाल्याला फोन लावला.

त्या माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे. दिसायला साधी पांढरी गाडी, वर कसलंही चित्र नाही, आत छोटी भट्टी. काळा सूट घातलेला, पन्नाशीचा. त्यानं आधी पेढ्यासमोर वाकून नमस्कार केला, मग आम्हाला. पेढ्याला दोन्ही हातांवर घेतलं, मान घरंगळू नये म्हणून तळव्याचा आधार दिला. लेकीला विचारलं, "याला काय आवडायचं?" तिनं टिमोथी गवत आणि कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या. त्यानं त्या सरळ करून तोंडाजवळ लावल्या. आम्ही हात जोडले, तोही जोडून उभा राहिला. धूर नाही, वास नाही. तासाभरानं त्यानं ट्रे बाहेर काढला. एवढ्याशा जिवाची हाडं, पण जागच्या जागी मांडलेली. हा पाय, या बरगड्या, हे दात. मानेच्या एका मणक्यावर बोट ठेवून म्हणाला, यात बसलेला बुद्ध दिसतो, हा शेवटी ठेवायचा.

मग चॉपस्टिक्स. एकच हाड दोघांनी मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं, पायांकडून डोक्याकडे. जेवताना एकाच्या चॉपस्टिक्सवरून दुसऱ्यानं घास घ्यायचा नाही, हा इथला नियम का आहे ते मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात, आणि माझ्या लहानपणी आमच्या घरात तिथे बायकांना नेत नसत. अण्णांची राख तर आपल्यापैकी कुणालाच सावडता आली नाही. मी आणि लेकीनं पेढ्याची अस्थी धरली तेव्हा माझे हात अण्णांसाठीही थरथरत होते. मावशी, हे तुला फोनवर सांगता आलं नाही.

कलश घरातच आहे, रेशमी पिशवीत. इथे ४९ दिवस पाळतात. ससा गेला की चंद्रावर परत गेला, असं इथले ससेवाले म्हणतात. चंद्रावरच्या सशाची एक गोष्ट इथे आपल्याकडूनच आलीय, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतली: ससा अतिथीसाठी आगीत उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढतो. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे थक्क झाले, आणि मला फार अभिमान वाटला.

ऑफिसातले लोक चांगले वागले. कुणी खर्च विचारला नाही, कुणी "दुसरा आण" म्हणालं नाही. पण कुणी घरीही आलं नाही. ताकाहाशी आजींनी दाराशी फुलं ठेवली आणि घंटा न वाजवता गेल्या. साताऱ्यात चार जणी नको ते बोलल्या असत्या, पण आत येऊन बसल्या असत्या. त्या रात्री स्वयंपाक मीच केला, आणि शेजारच्या काकूंच्या पिठल्याची फार आठवण आली.

मावशीशी परत बोलणं झालं नाही. पण तिच्याच नातीचा कोथरूडहून मेसेज आला. तिच्याकडे दोन ससे आहेत आणि आजीनंच तिला "ताईला विचारून घे" असं सांगितलंय. मी तिला जे लिहिलं ते इथेही लिहिते, कारण ससा दुखणं लपवतो. तो गाढ झोपला असताना लांबून श्वास मोज. मिनिटाला ३० ते ६० ठीक, पण शांत पडलेला असतानाही साठीच्या वर जात असेल तर डॉक्टर गाठ. सशाचा श्वास नाकानं चालतो, त्यामुळे मान वर करून तोंड उघडलं तर तासभरही थांबू नकोस. अर्धा दिवस खाल्लं नाही तरी तेच. धाप लागलेल्या सशाला उताणं करायचं नाही, धावपळ करून पकडायचं नाही, टोपलीत गार, अंधारं करून न्यायचं. आणि सशांची सवय असलेला डॉक्टर आत्ताच शोधून ठेव. कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, सशांचे शोधावे लागतात. नंबर मिळाला की आजीच्या फोनमध्येही घालून ठेव, तुझ्या मागे घरात तीच असते.