सर्व्हरवरची विंडोज आणि लेट झालेली हार्बर

सर्व्हरवर एकदाच सिस्टीम टाकायची आणि ऑफिसातल्या सगळ्या मशीनींनी ती तिथूनच चालवायची, ही आयडिया क्लाउडवाल्यांनी काढली असं आजच्या पोरांना वाटतं. परवा भाच्याचा फोन आलेला. त्याच्या कंपनीत व्हर्च्युअल डेस्कटॉप आहेत, म्हणजे प्रत्येकाचा डेस्कटॉप सर्व्हरवरच चालतो, म्हणाला मामा सोमवारी सकाळी लॉगिनला जाम वेळ लागतो, आयटीवाले म्हणतात बूट स्टॉर्म आहे, सगळे एकाच वेळी सुरू करतात. म्हटलं अरे बाबा, आम्ही ह्याला "हार्बर लेट" म्हणायचो, मुंबईच्या हार्बर लोकलवरून.

तर सांगतो. नव्वदीच्या दशकात मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसचं नेटवर्क बघायचो. नॉव्हेल नेटवेअर ३.१२ चा सर्व्हर, भिंतीच्या कडेने फिरवलेली काळी कोअॅक्स केबल, तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर म्हणजे टोकं बंद करणारी बुचं, आणि मशीनी बहुतेक जुन्या ३८६ प्रोसेसरच्या, रॅम ४ एमबी, डिस्क ४० एमबी आणि तीसुद्धा निम्मी भरलेली. अशा मशीनीवर विंडोज टाकायची तर जागा आणायची कुठून, म्हणून मग सर्व्हर.

विंडोज ३.१ ला ह्याची सोय मस्त होती. सर्व्हरवर जाऊन सेटअप स्लॅश ए (setup /a) ही कमांड मारायची, की फ्लॉप्यांमधल्या दाबून बसवलेल्या सगळ्या फाइली उघडून एका डिरेक्टरीत पडायच्या आणि रीड ओन्ली व्हायच्या. मग प्रत्येक मशीनीवरून सेटअप स्लॅश एन. त्या माणसाच्या वाट्याला फक्त त्याच्या सेटिंग्जच्या विन डॉट आयएनआय, सिस्टीम डॉट आयएनआय, प्रोग्राम मॅनेजरचे ग्रुप अशा थोड्या फाइली यायच्या, बाकी सगळं सर्व्हरवरून. सिसकॉन ह्या नेटवेअरच्या प्रोग्राममध्ये जाऊन त्या डिरेक्टरीवर लोकांना रीड आणि फाइल स्कॅन एवढेच राइट्स दिले की विषय संपला. कोणी लॅमिंग्टन रोडवरून गेमची फ्लॉपी आणली आणि तिच्यातून व्हायरस आला तरी सर्व्हरवरच्या विंडोजच्या फाइलींना तो हात लावू शकत नव्हता, कारण लिहायचा हक्कच नाही. मराठी फॉन्टही सर्व्हरवर एकदाच टाकायचे, फक्त त्यांच्या ओळी प्रत्येकाच्या विन डॉट आयएनआयमध्ये घालाव्या लागायच्या, ते एक किचकट काम, पण त्यासाठी मी नोटपॅडमध्ये तयार तुकडा ठेवला होता, चिकटवला की झालं.

मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली, आणि काही महिन्यांनी शेठनी ती कुठल्यातरी पार्टीकडे बघितली. "ते स्टार्टवालं आपल्याकडे पण टाका." टाका म्हणजे काय, नव्याने टाकायची तर साधारण ५० एमबी जागा हवी, आणि आपल्याकडे अख्खी डिस्क ४० ची. म्हणजे पुन्हा सर्व्हरच.

९५ मध्ये हे काम नेटसेटअप नावाच्या प्रोग्रामने व्हायचं. तो फक्त सीडीवर असायचा, फ्लॉप्यांच्या सेटमध्ये नाही, आणि गंमत म्हणजे तो चालवायला आधी कुठल्यातरी एका मशीनीवर विंडोज ९५ असायलाच हवी. म्हणून अकाउंट्सच्या मॅडमच्या नव्या पेंटियमवर पहिली ९५ चढली, त्या खूश. मग नेटसेटअप विचारतो की लोकांनी सिस्टीम सर्व्हरवरून चालवायची, स्वतःच्या डिस्कवर घ्यायची, की ज्याचं त्याने ठरवायचं. आम्ही सर्व्हर म्हटलं. ज्या मशीनींची डिस्क पार मेलेली होती त्या फ्लॉपीवरून उठवायच्या, आणि अशा प्रत्येक मशीनीसाठी सर्व्हरवर वेगळी मशीन डिरेक्टरी करायची ज्यात तिची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जचा साठा, राहणार. कुठलं मशीन कुठल्या डिरेक्टरीचं हे मशीन्स डॉट आयएनआयमध्ये नेटवर्क कार्डाच्या अॅड्रेसवरून ठरायचं. ते १२ अक्षरी अॅड्रेस मी एका जुन्या शिपिंग डायरीत उतरवून घेतले होते. कार्ड बदललं की डायरी काढा.

हे सगळं चाललं. खरंच चाललं. पण कसं ते ऐका.

४ एमबी रॅममध्ये ९५ चालते म्हणजे सतत काहीतरी बाहेर टाकत आणि परत आत ओढत असते. ते जिथे टाकते त्या फाइलीला स्वॅप फाइल म्हणतात. डिस्क असलेल्या मशीनींची स्वॅप फाइल निदान त्यांच्याच पोटात होती, पण फ्लॉपीवाल्यांची स्वॅप फाइल सर्व्हरवर, म्हणजे मेमरी कमी पडली की ती सगळी ये-जा केबलवरून. आणि ह्याहून बारीक गोष्ट म्हणजे प्रोग्रामचा जो कोड असतो तो विंडोज स्वॅपमध्ये टाकतच नाही, सरळ फेकून देते आणि लागला की मूळ फाइलीतून परत वाचते, कारण तो बदललेलाच नसतो. मूळ फाइल कुठे? सर्व्हरवर! म्हणजे डिस्कवाल्यालासुद्धा साधा मेनू उघडायला केबल लागायची. ती केबल १० मेगाबिटची, अख्ख्या ऑफिसात मिळून १०, कागदावर सेकंदाला सव्वा एमबी, आणि एका वेळी बोलणार एकच.

एरवी लोक सव्वानऊ ते सव्वादहा असे एकेक करून यायचे. डोंबिवलीवाले आधी, मग वाशीवाले, चर्चगेटवरून येणारे सगळ्यात शेवटी. तेव्हा काही जाणवायचं नाही. पण ज्या दिवशी कुर्ल्याला पाणी भरलं किंवा ओव्हरहेड वायर तुटली, त्या दिवशी अख्खं ऑफिस साडेअकराला एकत्र आत शिरायचं, छत्र्या टेकवून एकाच वेळी सगळे स्विच दाबायचे, आणि मग नुसतं वाळूचं घड्याळ बघत बसा. सर्व्हरच्या मॉनिटर स्क्रीनवर बघितलं तर प्रोसेसर निवांत पडलाय, सगळा वांधा केबलचा. तिकडे न्यू कस्टम हाऊसला धावायला मुलगा दारात उभा, बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदाची, प्रिंट अजून यायचीय, आणि हेडक्लार्क माझ्याकडे बघून, "काय हो साहेब, जुनं होतं ते काय वाईट होतं?"

त्यात कोणी टेबल सरकवलं आणि मशीनीला केबल जोडणारा टी-कनेक्टर निसटला तर त्या केबलवरची सगळी मशीनं झोपायची. पूर्वी अशा वेळी डॉसवर बसून निदान एखादं पत्र टाइप करता यायचं, आता विंडोजच पलीकडे राहिलेली, समोर नुसता गोठलेला पडदा.

माझं मत तेव्हा बनलं ते अजून तेच आहे. डेस्कटॉप सिस्टीम लिहिणारा डिस्क स्वतःच्या मालकीची धरून चालतो. वाटेल तेव्हा लिहिणार, वाटेल तेवढं वाचणार. सर्व्हरवर ती भाडेकरू असते, पण वागते घरमालकासारखी. ३.१ चं सामान थोडं होतं म्हणून जमून गेलं. पुढे आम्ही मोठ्या डिस्क मिळाल्या तशा एकेक मशीनीच्या स्वतःच्या डिस्कवर ९५ टाकली, सर्व्हर फक्त इन्स्टॉल करायचा सोर्स म्हणून ठेवला, एमएसबॅच डॉट आयएनएफ ह्या फाइलीत सेटअपच्या प्रश्नांची सगळी उत्तरं आधीच भरलेली, त्यामुळे नेक्स्ट नेक्स्ट करत बसायला नको. बाकीचे ३.१ वरच सुखी. विंडोज ९८ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून चालवायची सोयच काढून टाकली, मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तरी सध्या लालबागच्या एका अभ्यासिकेत मी परत तेच करून दिलंय, ह्यावेळी एलटीएसपीने. बिनडिस्कच्या मशीनी सर्व्हरवरून चालवायचा हा लिनक्सचा १९९९ पासूनचा प्रोजेक्ट, २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. लोक विचारतात सर्व्हरवर डेस्कटॉप उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) कशाला, सर्व्हर एडिशन टाक ना. अहो, मुलांना जे दिसायला हवं तेच सर्व्हरवर टाकायचं, कारण त्याच इन्स्टॉलेशनची दाबून एक इमेज बनते आणि बिनडिस्कच्या जुन्या मशीनी नेटवर्कवरून ती उचलून बूट होतात. इमेज रीड ओन्ली, मशीनने जे काही लिहायचं ते स्वतःच्या रॅममध्ये, बंद केलं की पुसलं, मुलांच्या फाइली मात्र सर्व्हरवरच्या त्यांच्या होम फोल्डरमध्ये. स्लॅश ए आणि स्लॅश एनचंच हे थोरलं भावंड, फक्त लिहायची हौस रॅममध्ये भागवली आणि वायर गिगाबिट झाली. कोड मशीनीच्या स्वतःच्या प्रोसेसरवरच चालतो, त्यामुळे सर्व्हर फार भारी लागत नाही, रॅम मात्र क्लायंटला कंजूषपणे देऊ नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सर्व्हरवर काही नवीन टाकलं की इमेज परत बनवायची आणि मशीनी रीबूट करायच्या, त्याशिवाय कोणाला काही दिसणार नाही. आणि नवीन मुलाचं अकाउंट उघडलं की एलटीएसपी इनिट-आरडी (ltsp initrd) ही कमांड चालवायची, कारण बूट होताना मशीनींना जाणारी जी छोटी फाइल ती बनवते, युजरची यादी तिच्यातूनच जाते. नाहीतर सर्व्हरवर लॉगिन होतं, मशीनीवर होत नाही, आणि तिथले दादा मला रात्री दहाला फोन करतात.