तुम्ही विचारलंत म्हणून: बटणंच का?

"टच स्क्रीन असताना पान उलटायला बटणं कशाला हवीत?" मी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, हातात घेतला की कोणी ना कोणी हे विचारतंच. आजवर मी अंगठ्याचं उत्तर देत आले. एका हातात धरून वाचताना अंगठा बटणावरच असतो, फक्त दाबायचा. टचवर तो कडेवरून उचलून पडद्यावर न्यायचा, पुन्हा जागेवर आणायचा, आणि तेवढ्यात पकड सैल होते. पडद्यावर पाण्याचा थेंब पडला तर कधी कधी यंत्राला तेही बोटच वाटतं. हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी कोणी इतका हट्ट धरत नाही. मीही धरला नसता.

उलट मी टचच्याच बाजूची होते. माझ्या पहिल्या बटणांच्या यंत्रावर शब्दाचा अर्थ पाहायचा तर कर्सर एकेक ओळ खाली आणायचा, मग एकेक शब्द पुढे सरकवायचा. तिथे पोचेपर्यंत वाक्य विसरायला व्हायचं. टचवर शब्दावर बोट टेकवलं की अर्थ समोर. बटणं बिनचूक असतात असंही नाही. २००७ सालच्या पहिल्या किंडलच्या (अॅमेझॉनच्या ई-रीडरच्या) दोन्ही कडांना पान उलटायची लांबलचक बटणं होती आणि यंत्र नुसतं उचललं तरी पान उलटतं, अशी तेव्हा पुष्कळांची तक्रार होती. म्हणून टचचं यंत्र आल्यावर मी जुनं देऊन टाकलं. हलणारा भाग म्हणजे आज ना उद्या बिघडणारा भाग, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत असे.

बाबांची नजर गेल्यापासून रात्री मी त्यांना वाचून दाखवते. जुन्या यंत्राचं बटण दाबलं की खट् व्हायचं आणि ते "हं" म्हणायचे. नवीन यंत्र आल्यावर दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "पान कधी उलटतेस ते कळत नाही गं आता." मी म्हटलं, "कळायला कशाला हवं, बाबा?" यावर ते काही बोलले नाहीत.

पुढे एका रात्री वाचता वाचता फोन आला. मी यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवून बाहेर गेले. बाबांना बोटांनी ताल धरायची सवय आहे. मी परत आले, पडद्यावर जे पान होतं तिथून वाचू लागले. कागदाचं पुस्तक असतं तर उजव्या हाताखालची जाडी कमी झालेली जाणवली असती. इथे तसं काहीच नाही. ई-इंकचं, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यावरचं, पान पुढचा स्पर्श होईपर्यंत निमूट तसंच राहतं, जणू पहिल्यापासून तेच उघडं होतं. कादंबरीतला आजारी म्हातारा एकाएकी नाहीसा झाला होता, त्याच्या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. मला थोडं खटकलं, पण दिवसभराच्या थकव्याने मी वाचत राहिले. बाबा अधूनमधून मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले तर म्हणाले, "आता माझ्या लक्षात राहत नाही. तो म्हातारा कधी गेला, मला आठवतच नाही. तरी तू वाच, तुझा आवाज ऐकतो." म्हणजे आदल्या रात्री पाऊण तास ते समजल्यासारखी मान हलवत होते, आणि त्यांना वाटत होतं की आपली स्मरणशक्ती गेली.

मी मागे जाऊन पाहिलं. पुस्तकाच्या २३ टक्क्यांवरून वाचन थेट ३१ वर गेलं होतं. त्यांना समजावून सांगितलं की तुमच्या बोटांनी पानं उलटली, तुम्ही काही विसरला नाहीत. त्यांनी माझा हात थोपटला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." मग ती सुटलेली पानं मी सगळी वाचून दाखवली. म्हातारा गेला त्या पानावर ते म्हणाले, "हो, हो, हे आठवतंय." ते पान त्यांनी आधी ऐकलेलंच नव्हतं. त्यानंतर मी काय बोलायला हवं होतं, मला अजून सुचलेलं नाही.

कंपन्यांचंही यात एकमत नाही. किंडलच्या ओएसिस या मॉडेलमध्ये २०१६ साली बटणं परत आली आणि २०२४ साली ते मॉडेलच बंद झालं. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या लिब्रामध्ये बटणं अजून आहेत. आणि इथेच माझा मुद्दा लंगडा पडतो, हे मला कळतं. आजच्या बटणांच्या बहुतेक यंत्रांनाही पडदा टचचाच असतो. बाबांनी त्याच्यावर ताल धरला असता तरी पानं उलटलीच असती. त्या रात्री फक्त माझं जुनं यंत्र उपयोगी पडलं असतं, जे मी स्वतःच्या हाताने देऊन टाकलं होतं.

तरी मी बटणांचंच घेतलं. आता फोन आला तर यंत्र सोबत नेते. वाचताना बटण दाबते, खट् होतं, आणि बाबा "हं" म्हणतात. काही वेळा म्हणत नाहीत. मग मी मागचं पान पुन्हा वाचते. त्यासाठी दुसरं बटण आहे.