खरबरीत कानशीचे संगीत

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षी हातात आलेले पहिले अवजार म्हणजे धातू घासायची कानस. कानशींचे प्रकार शिकवताना निदेशकांनी फळ्यावर 'बास्टर्ड' हा शब्द लिहिला, तेव्हा वर्गातली सोळा-सतरा वर्षांची सगळी पोरे माना खाली घालून हसली होती. दात मोठे, काम झटपट आणि मागे उरणारा पृष्ठभाग खडबडीत, अशी ती कानस. पुढे बऱ्याच वर्षांनी, हौस म्हणून रशियन शिकत असताना, लेनिनग्राडमधल्या एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचे नाव वाचनात आले : 'मूझिका द्राच्योविख नापील्निकोव्ह'. शब्दकोश उघडला तर 'द्राच्योवी नापील्निक' म्हणजे आमची तीच बास्टर्ड कानस निघाली. रशियनमध्येही त्या विशेषणाला उच्चाराने खेटून एक असभ्य शब्द उभा आहे, त्यामुळे तिकडच्या कार्यशाळांतही माना खाली जात असणार याविषयी मला शंका नाही.

बँडचे नाव 'नोल', म्हणजे शून्य. आरंभी ते स्वतःला 'नुलेवाया ग्रूप्पा', म्हणजे 'शून्य गट', असेही म्हणवून घेत. रशियन मानकांनुसार कानशीच्या दातांना शून्यापासून पाचपर्यंत क्रमांक असतात. शून्य आणि एक क्रमांकाच्या कानशी द्राच्योवी, तर शेवटचा गुळगुळीत हात फिरवणाऱ्या कानशींना 'मखमली' म्हणतात. म्हणजे शून्य क्रमांकाची कानस सर्वांत खरबरीत. पोरांनी हा हिशेब मांडूनच नाव ठेवले असेल असा माझा दावा नाही, पण फिटरच्या नजरेला हा जुळून आलेला योग सुखावतो एवढे खरे.

कानशीशी त्यांचा संबंध केवळ शब्दापुरता नव्हता. सोव्हिएत शहरांमध्ये शाळकरी मुलांसाठी 'तरुण तंत्रज्ञ गृह' नावाच्या सरकारी संस्था असत आणि शाळा सुटल्यावर मुले तिथे विमानांच्या प्रतिकृती किंवा रेडिओ बनवायला जात. लेनिनग्राडच्या क्रास्नोग्वार्देयस्की भागातल्या अशाच एका गृहात आंद्रेई त्रोपिल्लो हा गृहस्थ १९७९ पासून ध्वनिमुद्रणाचा छंदवर्ग चालवत होता. ध्वनिमुद्रिका काढण्याची मक्तेदारी त्या काळी 'मेलोदिया' या सरकारी कंपनीकडे होती आणि रॉक गाणाऱ्या पोरांना तिथे फारसे कोणी उभे करत नसे. तेव्हा त्रोपिल्लोने छंदवर्गाच्या आडोशाने 'अक्वारियम', 'किनो', 'झोओपार्क' अशा बँडांचे अल्बम मुद्रित केले आणि ते एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवले जात देशभर पोहोचले. हे सगळे कलावंत त्या इमारतीत, म्हणायचे तर, मागच्या दाराने येत. फ्योदोर चिस्त्याकोव्ह, अलेक्सेई निकोलायेव्ह आणि अनातोली प्लातोनोव्ह हे तिघे मात्र शाळकरी वयात छंदवर्गाचे विद्यार्थी म्हणून आले. ज्या मुलांच्या नावाने तो सगळा डोलारा उभा होता ती ही खरीखुरी मुले होती. १९८६ साली पहिला अल्बम मुद्रित झाला तेव्हा १९६७ च्या डिसेंबरात जन्मलेल्या चिस्त्याकोव्हने विशीही गाठली नव्हती.

या बँडच्या विनोदाचे मूळ शब्दांच्या आधी वाद्यात शोधावे लागते. चिस्त्याकोव्हच्या गळ्यात गिटार नसून बायान असे. बायान म्हणजे पट्ट्यांऐवजी बटणे असलेले रशियन अकॉर्डियन. १९०७ साली प्योत्र स्तेर्लिगोव्ह या कारागिराने ते याच शहरात, तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, बनवले आणि त्याला बोयान या प्राचीन गायकाचे नाव मिळाले. भाता ओढला की हवेने आतले सूर थरथरतात, या अर्थी ते आपल्या पेटीचे भावंडच. फक्त दोघांच्या नशिबात फरक असा की आपल्याकडे आकाशवाणीने जवळजवळ तीन दशके पेटीला दाराबाहेर ठेवले, तर सोव्हिएत राज्यात बायानाला संस्कृतीभवनापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे मानाचे पान होते. परिणामी रॉकच्या चाहत्याला बायान म्हणजे दारू प्यायलेल्या मामाचे वाद्य वाटे. (आजच्या रशियन इंटरनेटवर शिळ्या विनोदाला 'बायान' म्हणतात, हेही इथे नोंदवून ठेवतो.) चिस्त्याकोव्हने तेच वाद्य घेऊन त्यावर रिदम गिटारसारखे ठोके दिले, भात्याच्या प्रत्येक ओढीला ढोलाशी बांधून टाकले आणि वर अर्धे गाणे, अर्धी आरोळी अशा खर्जातून फाटत जाणाऱ्या आवाजात तो गाऊ लागला. ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याच्या लक्षात येते की वाजवणारा अजिबात हसत नाही.

हे न हसणे मला फार महत्त्वाचे वाटते. लेनिनग्राडचे रॉक हे मुख्यतः कवींचे रॉक होते. १९८१ साली रुबिन्श्तेइन रस्त्यावर सुरू झालेल्या तिथल्या रॉक क्लबमध्ये गाण्यांचे शब्द आधी तपासून मंजूर करून घ्यावे लागत, त्यामुळे शब्दाला आपोआपच वजन येई. त्या गंभीर मंडळींमध्ये 'नोल'ची गाणी गल्लीतल्या, जिन्यावरच्या, सामायिक स्वयंपाकघरातल्या माणसाच्या भाषेत बोलत. त्यांच्या एका गाण्याचे नाव आहे 'शून्य गटातले अपंग'. सोव्हिएत कायद्यात अपंगत्वाचे तीन गट होते आणि पहिला गट सर्वांत गंभीर. तेव्हा शून्य गट म्हणजे त्याच्याही पलीकडचे, सरकारी कागदावर ज्याला रकानाच नाही असे काहीतरी, आणि शिवाय बँडचे स्वतःचे नावही त्यात आलेच. खुलासा करत बसलो की विनोद मरतो हे मान्य आहे, पण इथे खुलाशाशिवाय तो आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

चाहते चिस्त्याकोव्हला 'द्याद्या फ्योदोर', म्हणजे फ्योदोरकाका, म्हणू लागले. हे नाव एका लोकप्रिय बालकथेतल्या मुलाचे. तो इतका पोक्तपणे वागतो की एवढ्याशा पोराला सगळे काका म्हणतात. शाळकरी वयात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता असले विनोद करणाऱ्या मुलाला याहून नेमके टोपणनाव सापडले नसते.

१९८९ चा 'स्काझ्की' आणि १९९० चा 'सेवेर्नोये बूगी' हे अल्बम मी इथे भराभर ओलांडतो, कारण माझा जीव जडला आहे तो १९९१ च्या अल्बमवर. त्याचे नाव 'मायभूमीवरील एकतर्फी प्रेमाचे गाणे', आणि तो निघाला त्याच वर्षी ती मायभूमी नकाशावरून गेली व लेनिनग्राडचे पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. यात 'लेनिन रस्ता' आहे. 'चालतोय, ओढतोय' आहे, ज्यातला माणूस सिगारेट ओढत चालतो, आणि एवढ्यावर बायान असा नाचतो की जणू त्याला राज्यच मिळाले आहे. 'खरा इंडियन' नावाचे एक गाणे आहे, आणि मी भोळेपणाने त्यात भारत शोधायला गेलो होतो. रशियनमध्ये 'इंदियेत्स' म्हणजे आपण आणि 'इंद्येयेत्स' म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, हा एका अक्षराचा फरक मी त्या दिवशी जो शिकलो तो कायमचा. 'माणूस आणि मांजर' हे गाणे मात्र निराळे. खिडकीशी माणूस आणि मांजर रडत बसले आहेत, आणि बर्फाच्या मैदानातून कोणी डॉक्टर त्यांच्यासाठी दुःखावरची पूड घेऊन येतो आहे. चाल एखाद्या अंगाईसारखी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते, आता येत नाही.

१९९२ साली चिस्त्याकोव्हने ओळखीच्या एका स्त्रीवर चाकूने हल्ला केला. ती वाचली; तो अटकेत गेला आणि पुढे मानसोपचार रुग्णालयात. ही घटना कलावंताच्या लहरीपणाच्या खात्यात टाकून मजेदार किस्सा म्हणून सांगण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. बँडची पहिली कारकीर्द तिथे संपली. त्याच वर्षीच्या त्यांच्या अल्बमचे नाव होते 'पोलुन्द्रा!'. वरून काही कोसळत असले की खाली उभ्या असलेल्यांना सावध करण्यासाठी रशियन खलाशी ही आरोळी देतात.