फूल पाठीमागून बघा की जरा!

आठवडाभर एका फुलामागे लागलेय. जुलैत रॉकी पर्वतातल्या ट्रेकला, झाडं संपायच्या जरा खाली एक ओलसर कुरण लागलं आणि त्यात जिकडेतिकडे जांभळट-गुलाबी डेझीसारखी फुलं, मध्ये पिवळी टिकली. धडाधड चाळीसेक फोटो काढले, जवळपास सगळे वरून. घरी येऊन नाव शोधायला बसले तर वरून सगळी सख्खी भावंडंच!

ऑक्सआय डेझी लगेच कटाप, ती पांढरीशुभ्र असते आणि मुळात युरोपातून आलेली, तिथली नाहीच. उरले दोन, अ‍ॅस्टर आणि फ्लीबेन. नेहमीचा सल्ला काय तर पाकळ्या मोजा, फ्लीबेनच्या भरपूर आणि दोऱ्यासारख्या बारीक, अ‍ॅस्टरच्या कमी आणि रुंद. (खरं तर त्या पाकळ्या नाहीतच, एकेक पाकळी म्हणजे एक अख्खं फूल, शेवटी सूर्यफुलाचंच खानदान ना.) स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या. एकदा ४२ आल्या, एकदा ४५, आणि चांगल्या रुंद. म्हटलं अ‍ॅस्टर, संपला विषय.

मग एक फसलेला फोटो सापडला, वाऱ्याने फूल कलंडलेलं आणि पाठ दिसतेय. फुलाच्या बुडाशी हिरव्या चिमुकल्या पानांची वाटी असते ना, खरी गोम तिथे आहे. अ‍ॅस्टरमध्ये ती पानं कौलांसारखी एकावर एक चढलेली, बाहेरची आखूड आतली लांब. फ्लीबेनमध्ये सगळी साधारण एकाच उंचीची, कुंपणाच्या पट्ट्यांसारखी शेजारी शेजारी. माझ्या फोटोत सरळसरळ कुंपण! झूम केल्यावर त्यावर बारीक चिकट ठिपकेसुद्धा दिसले.

म्हणजे सबअल्पाइन फ्लीबेन, शास्त्रीय नाव एरिजेरॉन ग्लेशियालिस. जुन्या पुस्तकांत हेच एरिजेरॉन पेरेग्रिनस म्हणून सापडतं, त्यात माझे दोन तास गेले. याच्या पाकळ्या ३० ते ८० असतात आणि फ्लीबेनच्या मानाने रुंद, म्हणून भलेभले फसतात, मी तर काय. एरिजेरॉनचा ग्रीकमधला अर्थ म्हणे 'लवकर म्हातारा', बियांवरच्या पांढऱ्या केसांमुळे.

आता दोन फोटोंत मागे एक जरा उंच, जांभळं काहीतरी उभं आहे, ते बहुतेक अ‍ॅस्टर असावं, पण त्याची पाठ एकाही फोटोत नाहीये.